एरिथ्रो आणि क्लिंडा शेजारी-शेजारी: डी-टेस्ट लावायची आणि वाचायची रीत

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कल्चरचं, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायचं, टेबल सांभाळते. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे पुवाचे नमुने वाढतात. कोयत्याने कापलेलं बोट, पाचटाने चिरलेली पोटरी, त्यात फडातली माती, आणि आठवड्याभराने टरारून फुगलेला हात. मधुमेही रुग्णांचे पाय आणि लहान मुलांची गळवं तर बारा महिने येतात. यातल्या बऱ्याच नमुन्यांत स्टॅफ ऑरियस (थोडक्यात स्टॅफ) हा जंतू उगवतो. आणि यातल्या बऱ्याच रुग्णांनी आमच्यापर्यंत पोचण्याआधी अझिथ्रोमायसिनची पट्टी संपवलेली असते.

अशा रुग्णाच्या रिपोर्टवर ‘एरिथ्रोमायसिन रेझिस्टंट, क्लिंडामायसिन सेन्सिटिव्ह’ (पहिलं औषध लागू पडत नाही, दुसरं पडतं) असं लिहून मोकळं होऊ नका. या दोन ओळींमध्ये एक जनुक दडलेलं असू शकतं. ते दिसण्यासाठी ना पीसीआर लागतो, ना नवं यंत्र. रोजच्याच दोन डिस्क, म्हणजे औषध मुरवलेल्या कागदी चकत्या, जंतू पसरलेल्या प्लेटवर योग्य अंतरावर शेजारी-शेजारी ठेवायच्या असतात, आणि क्लिंडाभोवतीचं वर्तुळ एका बाजूने चपटं होऊन डी अक्षरासारखं दिसतं का ते बघायचं असतं, बस. हीच डी-टेस्ट. नव्याने डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून आलेली मुलंमुली माझ्याकडे शिकायला येतात, त्यांना मी पहिल्या आठवड्यात जे सांगते ते इथे लिहिते आहे. डिस्क कुठे ठेवायची हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. ती तिथेच का ठेवायची, हे कळलं की मग कुणी ती चुकीच्या जागी ठेवत नाही. म्हणून आधी ‘का’.

जनुक असतं, पण गप्प असतं

एरिथ्रोमायसिन हे मॅक्रोलाइड, क्लिंडामायसिन हे लिंकोसमाइड. रचनेत दोघांचा संबंध नाही, पण जंतूच्या आत दोघं जवळपास एकाच जागी जाऊन बसतात. ती जागा म्हणजे रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, मोठ्या भागातला २३-एस आरएनए. स्ट्रेप्टोग्रामिन-बी गटाची औषधंही तिथेच बसतात. या आरएनएमध्ये २०५८ क्रमांकावर एक ॲडेनिन आहे. अर्म कुळातली जनुकं एक मिथिलेज एन्झाइम बनवतात, ते या ॲडेनिनवर मिथिल गट चिकटवतं आणि तिन्ही गटांच्या औषधांना तिथे धड बसता येत नाही. म्हणून या प्रतिरोधाला तिन्ही गटांच्या आद्याक्षरांवरून एमएलएस-बी म्हणतात.

आता मुद्द्याची गोष्ट. रायबोसोमवर असा मिथिल गट बसला की प्रथिनं बनवण्याचं जंतूचं काम थोडं बिघडतं. म्हणजे औषध आसपास नसताना हे एन्झाइम बनवणं जंतूला तोट्याचं असतं. म्हणून बऱ्याच स्टॅफमध्ये हे जनुक असूनही बंद असतं, आणि औषधाचा स्पर्श झाला की चालू होतं. यालाच इंड्युसिबल, म्हणजे औषधाने जागा होणारा प्रतिरोध म्हणतात.

चालू होण्याची पद्धत अर्म-सी या जनुकात फार बारकाईने अभ्यासली गेली आहे. त्याचा संदेशवाहक आरएनए आधीच तयार असतो, पण घडी घातलेल्या चिठ्ठीसारखा, आणि मिथिलेजचा मजकूर जिथून वाचायचा ती सुरुवातीची जागा घडीच्या आत झाकलेली असते. या मजकुराच्या आधी १९ अमिनो आम्लांच्या एका छोट्या पेप्टाइडचा संकेत असतो. एरिथ्रोमायसिन नसलं की रायबोसोम तो छोटा संकेत वाचून निघून जातो आणि घडी तशीच राहते. एरिथ्रोमायसिन बसलेला रायबोसोम मात्र नवव्या अमिनो आम्लाशी अडकतो. तो तिथे अडकून राहिल्यामुळे आरएनएची घडी बदलते, झाकलेली जागा उघडी पडते आणि दुसरा, औषध न बसलेला रायबोसोम तिथून मिथिलेज बनवायला लागतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढची सगळी कृती त्यांवरच उभी आहे.

पहिली: जनुक जागं करायला औषध थोडंच लागतं. भरपूर औषध असेल तर सगळेच रायबोसोम अडकतील आणि मिथिलेज बनवायला कुणी उरणार नाही. काही अडकलेले, काही मोकळे, अशी अवस्था हवी. म्हणजे जंतू मारायला अपुरी पण त्याला चाहूल लागायला पुरेशी अशी मात्रा. प्लेटवर डिस्कपासून जसजसं लांब जावं तसतशी मात्रा उतरत जाते, त्यामुळे कुठेतरी ही नेमकी मात्रा मिळतेच.

दुसरी: कोणतं औषध जनुकाला जागं करतं हे ठरलेलं आहे. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन, म्हणजे १४ आणि १५ अणूंच्या वलयाचे मॅक्रोलाइड, जागं करतात. क्लिंडामायसिन सहसा करत नाही. म्हणून क्लिंडाची डिस्क एकटी ठेवली तर जनुक झोपलेलंच राहतं, झोन (डिस्कभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ) सुरेख गोल आणि मोठा येतो, आणि आपण ‘सेन्सिटिव्ह’ लिहून बसतो.

मग कुणी विचारेल, क्लिंडा जनुकाला जागं करत नाही तर रुग्णाला दिल्याने बिघडलं कुठे? बिघडतं ते असं. कोट्यवधी जंतूंत एखाद्याच्या अर्मच्या पुढच्या त्या छोट्या तुकड्यात आपोआप बदल झालेला असतो. त्याची घडी मोडलेली असते आणि त्याचं मिथिलेज कायमचं चालू असतं. गळवात जंतू कोट्यवधीच असतात. क्लिंडा दिलं की बाकीचे मरतात, हा उरतो आणि वाढतो. उपचार सुरू असताना पहिले दोन-तीन दिवस रुग्णाला बरं वाटावं आणि मग पुन्हा पू भरावा, यामागे हे कारण असू शकतं. त्यात रुग्णाने आधी अझिथ्रोमायसिन घेतलेलं असेल तर आणखी भर पडते. ते शरीरातून फार सावकाश जातं, त्याचं अर्धायुष्य सुमारे ६८ तासांचं आहे. गोळ्या संपल्या तरी पुढे कित्येक दिवस थोडं थोडं औषध ऊतींत उरतं, आणि जनुकाला थोडंच तर लागतं.

एक सारखा दिसणारा प्रकार मात्र ओळखून ठेवा. काही स्टॅफमध्ये अर्म नसतं, एमएसआर-ए नावाचं जनुक असतं. ते एरिथ्रोमायसिनपासून रायबोसोमचा बचाव करतं, क्लिंडाला हात लावत नाही. अशा जंतूचा रिपोर्टही ‘एरिथ्रो आर, क्लिंडा एस’ असाच येतो, आणि इथे क्लिंडा खरोखर चालतं. सावधगिरी म्हणून प्रत्येक एरिथ्रो-रेझिस्टंट स्टॅफला क्लिंडाही रेझिस्टंट लिहून टाकलं, तर अशा रुग्णाचं एक चांगलं, तोंडाने घेता येणारं, हाडात पोचणारं औषध आपण विनाकारण काढून घेतो. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ, असलेल्या रुग्णाकडे पर्याय आधीच कमी असतात. डी-टेस्ट लावायची ती या दोघांत फरक करण्यासाठी.

प्लेट लावताना

म्युलर-हिंटन ॲगर, म्हणजे जंतू वाढवायचं माध्यम, ४ मिलिमीटर जाडीचं हवं. ९० मिलिमीटरच्या पेट्रीडिशला साधारण २५ मिली ओतलं की ती जाडी येते. टेबल सपाट आहे ना, ते पाहा. एका बाजूला पातळ झालेल्या प्लेटवर झोन वाकडा येतो, आणि आपल्याला तर झोनचा वाकडेपणाच वाचायचा आहे. पृष्ठभागावर पाण्याचे थेंब असतील तर झाकण किंचित सरकवून प्लेट इनक्युबेटरमध्ये थोडा वेळ सुकवा.

रात्रभर वाढलेल्या ताज्या, शुद्ध कल्चरमधून त्याच रूपाच्या काही कॉलनी घ्या, सलाइनमध्ये मिसळा आणि ०.५ मॅकफार्लंडशी, म्हणजे गढूळपणाच्या ठरलेल्या मापाशी, जुळवा. काळ्या रेघांच्या कार्डासमोर धरून, चांगल्या उजेडात. डोळ्यांच्या अंदाजाने गढूळपणा ठरवायची सवय लावून घेऊ नका. जंतू जास्त झाले तर झोन आक्रसतात आणि चपटेपणाची कड समजत नाही. जुळवलेलं द्रावण १५ मिनिटांच्या आत वापरा. स्वॅब बुडवा, नळीच्या आतल्या बाजूला दाबून जादा पाणी निथळू द्या, आणि प्लेट दर वेळी ६० अंशांनी फिरवत तीन दिशांनी लॉन, म्हणजे जंतूंचा एकसारखा थर, ओढा. शेवटी कडेने एक फेरी.

मग डिस्क. एरिथ्रोमायसिन १५ मायक्रोग्रॅम, क्लिंडामायसिन २ मायक्रोग्रॅम. सीएलएसआय या निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या पद्धतीत स्टॅफसाठी दोन्ही डिस्कच्या कडांमधलं अंतर १५ ते २६ मिलिमीटर ठेवायचं असतं. मध्यापासून मध्यापर्यंत नाही, कडेपासून कडेपर्यंत. नवीन मुलांचा घोळ इथेच होतो. डिस्क ६ मिलिमीटरची असते, म्हणजे मध्यापासून मोजलं तर अंतर ६ ने जास्त भरतं. युकॅस्टची (युरोपातली तशीच संस्था) पद्धत पाळणाऱ्या लॅबमध्ये हे अंतर १२ ते २० असतं. मी सरळ २० धरायला सांगते, ते दोन्हींत बसतं.

आमच्याकडे जाड कागदावर ९० मिलिमीटरचं वर्तुळ काढून डिस्कच्या जागा ठळक ठिपक्यांनी नोंदवल्या आहेत. प्लेट त्या कागदावर ठेवायची, ठिपके ॲगरमधून दिसतात, चिमट्याने डिस्क त्यावर ठेवायची आणि हलकेच दाबायची. एरिथ्रो आणि क्लिंडा शेजारी, सेफॉक्सिटिन ३० मायक्रोग्रॅम समोरच्या बाजूला, बाकीच्या मधल्या मोकळ्या जागी. डिस्पेन्सर असेल तर त्यातल्या शेजारच्या दोन खोबणी या जोडीसाठी कायम राखून ठेवा आणि एकदा पट्टी लावून अंतर तपासा. एकदा टेकलेली डिस्क उचलून सरकवू नका. औषध टेकल्या क्षणापासून ॲगरमध्ये उतरायला लागतं.

अंतराचं एवढं का, हे शब्दांत सांगण्यापेक्षा मी दाखवते. डी-टेस्ट पॉझिटिव्ह असलेला एक स्टॅफ घ्या आणि तीन प्लेटवर ही जोडी १५, २६ आणि ४० मिलिमीटर अंतरावर लावा. दुसऱ्या दिवशी तिन्ही प्लेट शेजारी ठेवून बघा. पहिलीवर चपटी बाजू ठसठशीत दिसते, दुसरीवर ती सौम्य होते, आणि ४० वर क्लिंडाचा झोन पूर्ण गोल दिसू शकतो. जंतू तोच, जनुक तेच, औषधंही तीच. तिसऱ्या प्लेटवर एरिथ्रोची चाहूल क्लिंडाच्या कडेपर्यंत पोचलेलीच नसते. ही एक प्लेट बघितलेलं कुणीही पुन्हा डिस्क अंदाजाने टाकत नाही, असा माझा अनुभव आहे.

डिस्कच्या बाटलीची काळजी उन्हाळ्यात जास्त घ्या. फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बाटली उघडायची नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये गार बाटली उघडली की क्षणात आत ओल धरते. सिलिका जेलचा रंग बदलला असेल तर तो आधी बदला. एरिथ्रोची डिस्क दमट होऊन कमजोर पडली तर पॉझिटिव्ह जंतूही निगेटिव्ह दिसेल.

डिस्क लावल्यावर १५ मिनिटांच्या आत प्लेट उलटी करून ३५ अंशांवर, साध्या हवेत, १६ ते १८ तास. कार्बन डायऑक्साइडमध्ये नाही, तिथे ॲगर आम्लधर्मी होतं आणि मॅक्रोलाइडचे झोन लहान येतात. रात्री वीज जाणार असेल तर इनक्युबेटर इन्व्हर्टरवर आहे याची खात्री करूनच घरी जा, आणि सकाळी आल्या आल्या तापमानाची नोंद करा.

सकाळी वाचताना

आधी एरिथ्रोचा झोन मोजा. सीएलएसआयप्रमाणे स्टॅफसाठी २३ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे सेन्सिटिव्ह, १३ किंवा कमी म्हणजे रेझिस्टंट, मधलं इंटरमीडिएट. एरिथ्रो सेन्सिटिव्ह असेल तर पुढचा प्रश्नच उरत नाही. मग क्लिंडा: २१ किंवा जास्त सेन्सिटिव्ह, १४ किंवा कमी रेझिस्टंट. दोन्ही रेझिस्टंट असतील तर मिथिलेज बहुधा कायमचं चालू आहे, तिथेही डी शोधायची गरज नाही.

एरिथ्रो सेन्सिटिव्ह नाही आणि क्लिंडा मात्र सेन्सिटिव्ह, इथे थांबा. प्लेट हातात घ्या, एरिथ्रोकडे तोंड असलेली क्लिंडाच्या झोनची बाजू बघा. ती गोल असेल तर डी-टेस्ट निगेटिव्ह, बहुधा एमएसआर-ए. ती बाजू सपाट झाली असेल, झोनला इंग्रजी डी अक्षराचा आकार आला असेल, तर पॉझिटिव्ह. त्या सपाट पट्ट्यातल्या जंतूंना एरिथ्रोची चाहूल आधी लागली, त्यांनी मिथिलेज बनवलं, आणि क्लिंडाची एरवी पुरेशी ठरणारी मात्रा असूनही ते वाढले. उलट बाजूचे त्यांचेच भाऊबंद, एरिथ्रोपासून दूर असलेले, मेले. औषधाच्या संपर्काने जनुकाचं वागणं कसं बदलतं, हे साध्या डोळ्यांना इतकं स्वच्छ दाखवणारी दुसरी चाचणी माझ्या टेबलावर नाही.

थोडीशीच सपाट वाटली तर? थोडीशी सपाट म्हणजेही पॉझिटिव्ह. शंका राहिली तर अंतर १५ वर आणून पुन्हा लावा, पण तोवर सेन्सिटिव्ह असा रिपोर्ट सोडू नका. मला एक सवय उपयोगी पडली आहे. प्लेट फिरवून क्लिंडाच्या डिस्कपासून झोनच्या कडेपर्यंतची त्रिज्या दोनदा मोजायची, एकदा एरिथ्रोच्या दिशेने आणि एकदा विरुद्ध दिशेने. नजरेला भास झाला की खरंच फरक आहे, ते लगेच कळतं.

झोनच्या आतही बघा. प्लेट दिव्यासमोर धरा. क्लिंडाच्या झोनमध्ये सगळीकडे धूसर, विरळ वाढ असेल तर डी असो वा नसो, क्लिंडा रेझिस्टंट. कधी डी-झोनच्या आत डिस्कपर्यंत बारीक बारीक कॉलनी विखुरलेल्या दिसतात, त्याही पॉझिटिव्हमध्येच धरायच्या.

कंट्रोलशिवाय, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेल्या जंतूंशिवाय, हे सगळं वाचण्याला अर्थ नाही. एटीसीसी २५९२३ या स्टॅफवर एरिथ्रोचा झोन २२ ते ३० आणि क्लिंडाचा २४ ते ३० मिलिमीटर यायला हवा. डी-टेस्टसाठी दोन खास जंतू मिळतात: बीएए-९७७ पॉझिटिव्ह आणि बीएए-९७६, ज्यात एमएसआर-ए आहे, तो निगेटिव्ह. दोन्ही ठेवा. फक्त पॉझिटिव्ह ठेवला तर सपाटपणा बघायची सवय लागते आणि गोलाकार कसा दिसतो याचा विसर पडतो.

बीटा-हीमोलिटिक स्ट्रेप्टोकॉकायसाठी हीच चाचणी, थोड्या बदलांनी: म्युलर-हिंटनमध्ये ५ टक्के मेंढीचं रक्त, डिस्कच्या कडांत १२ मिलिमीटर अंतर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, २० ते २४ तास. रक्त मेंढीचंच. रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या पिशवीचं रक्त घालायचा मोह अनेक ठिकाणी होतो. त्यात दात्याच्या प्रतिपिंडांपासून त्याने घेतलेल्या औषधापर्यंत काहीही असू शकतं, आणि शिवाय हाताळणाऱ्याला संसर्गाचा धोका. ते करू नका.

यंत्रावर सेन्सिटिव्हिटी करत असाल तर त्यात यासाठी वेगळी विहीर, म्हणजे छोटा खळगा, असते का ते बघा. तिथे एकाच विहिरीत ४ मायक्रोग्रॅम एरिथ्रो आणि ०.५ मायक्रोग्रॅम क्लिंडा प्रति मिली असतं, आणि स्टॅफ वाढला तर पॉझिटिव्ह.

रिपोर्ट

डी-टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे क्लिंडामायसिनसमोर ‘रेझिस्टंट’. झोन २६ मिलिमीटर भरला असला तरी. खाली एक ओळ जोडा: इंड्युसिबल प्रतिरोध आढळल्याने रेझिस्टंट समजावे, काही रुग्णांत औषध तरीही उपयोगी पडू शकते. ही दुसरी अर्धी ओळ वगळू नका. एखाद्या रुग्णाला क्लिंडा आधीच सुरू असेल, गळू चिरून पू काढला असेल आणि तो सुधारत असेल, तर पुढे काय करायचं ते ठरवायला डॉक्टरांना तिचा उपयोग होतो. डी-टेस्ट निगेटिव्ह असेल तर तेही लिहा. कोरं ‘सेन्सिटिव्ह’ आणि ‘डी-टेस्ट निगेटिव्ह, सेन्सिटिव्ह’ यांत वाचणाऱ्याच्या भरवशाला फरक पडतो. लघवीच्या नमुन्यातल्या स्टॅफसाठी मात्र क्लिंडा आणि एरिथ्रो रिपोर्ट करायचं नसतं.

पॉझिटिव्ह आला आणि रुग्ण वॉर्डात क्लिंडावर असेल तर छापील रिपोर्टची वाट न बघता फोन करा. आमच्याकडे हा फोन टेक्निशियननेच करायचा असा नियम आहे, कारण प्लेट त्याने पाहिलेली असते आणि डॉक्टरांनी काही विचारलं तर तो सांगू शकतो.

नमुन्याच्या फॉर्मवर ‘आधी घेतलेली औषधं’ हा रकाना जवळपास नेहमी रिकामा येतो. तो भरून घ्या. ‘कुठलं अँटिबायोटिक घेतलं?’ असं विचारलं तर ‘काहीच नाही’ असं उत्तर मिळतं. ‘तीन दिवसांची गोळी घेतली होती का? मेडिकलमधून आणली होती का? पट्टी आहे का घरी?’ असं विचारलं की मावशी पिशवीतून रिकामी पट्टी काढून दाखवतात. ही माहिती डी-टेस्टचा निकाल बदलत नाही. पण शरीरात जनुकाला जागं करणारं औषध आत्ता असेल का, हे डॉक्टरांना त्यातूनच कळतं.

रजिस्टरमध्ये चार गट वेगवेगळे मोजा: दोन्ही सेन्सिटिव्ह, डी पॉझिटिव्ह, डी निगेटिव्ह, दोन्ही रेझिस्टंट. एमआरएसए आणि एमएसएसए (मेथिसिलिनला दाद देणारे) वेगळे. वर्षअखेरीला हे आकडे सर्जरी आणि बालरोग विभागाला द्या. आपल्या गावात कल्चरचा रिपोर्ट यायच्या आधी क्लिंडा सुरू करणं कितपत सुरक्षित आहे, हे दुसऱ्या शहराच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही.

आणि ठळक डी दाखवणारा एखादा स्थानिक जंतू शिकवण्यासाठी जपून ठेवा. अर्म-ए बहुधा गुणसूत्रातल्या ट्रान्सपोझॉनवर असतं, अर्म-सी छोट्या प्लाझ्मिडवर, आणि प्लाझ्मिड पुन्हा पुन्हा सबकल्चर करताना गळून पडू शकतं. म्हणून एकाच स्लोपवरून (नळीतल्या तिरक्या ॲगरवरून) वर्षानुवर्षं पुढे नेत राहू नका. पहिल्याच दिवशी ग्लिसरॉलमध्ये पाच-सहा कुप्या भरून डीप फ्रीझरला ठेवा, एका वेळी एकच काढा, आणि काढल्यावर बीएए-९७७ शेजारी लावून त्याचा डी अजून तसाच उमटतो का ते आधी बघा.